ईश्वरी कृपा, ख्रिस्ती धर्मातील

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना. मनुष्याची पात्रता किंवा पुण्याई न पाहता ईश्वराने स्वतःहून त्याच्यावर केलेला अनुग्रह, असा तिचा स्थूल अर्थ सांगता येईल. पापापासून मुक्ती ही या अनुग्रहाची परमावधी मानली जाते आणि धर्मशास्त्रज्ञांचे बहुतेक वाद त्याच अंगाने झालेले आहेत. सामान्य श्रद्धावंताला मात्र कृपेची आठवण होते, ती प्रायः आजार, वियोग, दारिद्र्य, छळ अशा प्रसंगी. संकटकाळी ईश्वराच्या कृपेवर विसंबणे म्हणजे काय, संकट टळेल अशी अपेक्षा धरणे की ते टळले नाही तरी तग धरता येईल असा विश्वास बाळगणे, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा विचार प्रस्तुत नोंदीत मुख्यतः केला आहे.

जुन्या करारात या कल्पनेसाठी प्रामुख्याने दोन हिब्रू शब्द येतात. ‘हेन’ म्हणजे वरिष्ठाने कनिष्ठाकडे प्रसन्न दृष्टीने पाहणे; ‘हेसेद’ म्हणजे दिलेल्या वचनाशी इमान राखणारे, दुसऱ्या बाजूने वचनभंग झाला तरी न ढळणारे प्रेम. नव्या करारातील ग्रीक ‘खारिस’ या शब्दात लावण्य, मेहेरबानी, देणगी आणि त्या देणगीबद्दलची कृतज्ञता असे अर्थ एकत्र आले आहेत. लॅटिनमध्ये त्याचे ‘ग्रातिया’ झाले. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी ‘कृपा’ हा रूढ शब्दच स्वीकारला; गोव्यातील कोकणी प्रार्थनांत तो ‘कुर्पा’ या रूपात आढळतो. संकट या अर्थी नव्या करारात येणारा ‘पेइरास्मोस’ हा शब्दही लक्षणीय आहे. कसोटी आणि मोह हे त्याचे दोन्ही अर्थ होतात. संकट माणसाला पारखते आणि त्याच वेळी श्रद्धेपासून ढळण्याचा मोहही घालते, असे त्यात गृहीत आहे.

मराठी वाचकाच्या मनात या ठिकाणी ‘सत्त्वपरीक्षा’ हा शब्द साहजिकच येईल. हरिश्चंद्राच्या किंवा चिलयाच्या आख्यानात देव भक्ताचे सत्त्व पारखतो, भक्त कसोटीला उतरतो आणि अखेर गेलेले सारे त्याला परत मिळते. तेथे कसोटी लागते ती भक्ताच्या अंगच्या सत्त्वाची. ख्रिस्ती विचाराचा रोख येथेच वेगळा पडतो. कसोटीच्या वेळी माणसाचे स्वतःचे सत्त्व पुरे पडत नाही, हे त्यात आधीच मान्य केलेले असते. पीटर या ख्रिस्ताच्या प्रमुख शिष्याने प्राण गेला तरी साथ सोडणार नाही असे सांगितले आणि त्याच रात्री गुरूची ओळखही तीन वेळा नाकारली. चर्चच्या पहिल्या पुढाऱ्याची ही कथा चारही शुभवर्तमानांनी झाकून ठेवलेली नाही, यावरून तिला दिलेले महत्त्व लक्षात येते.

ईयोबाचा ग्रंथ सत्त्वपरीक्षेच्या आख्यानाला वरवर पाहता सर्वांत जवळचा आहे. संतती, संपत्ती व आरोग्य गमावलेला ईयोब अखेर पूर्ववत वैभव पावतो. परंतु हा प्रारंभ व शेवट गद्यात असून, त्यांच्या मधला ग्रंथाचा फार मोठा भाग काव्यात आहे आणि त्यातील ईयोब सोशिक नाही. तो जन्मदिवसाला शाप देतो व ईश्वराला जाब विचारतो. तू काहीतरी पाप केले असशील, असे सुचविणाऱ्या त्याच्या मित्रांनाच शेवटी ईश्वर दोष देतो. दुःख हे नेहमीच दुष्कृत्याचे फळ असते, या समजुतीला जुन्या करारातूनच मिळालेला हा छेद आहे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक-तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांपैकी बहुतेक तक्रारीने सुरू होऊन विश्वासाच्या उद्‌गाराने संपतात. ८८ वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. ते संहितेतून वगळले गेले नाही आणि आजही प्रार्थनेत म्हटले जाते. कृपेवर विसंबणारा माणूस गाऱ्हाणे करीत नाही, हा समज त्यामुळे शास्त्राला धरून नाही असे म्हणावे लागते.

नव्या करारात या प्रश्नाचे केंद्र गेथशेमाने बागेतील येशूच्या प्रार्थनेत आहे. आपल्यापुढील यातनांचा प्याला टळावा, अशी विनंती तो करतो. ती मान्य होत नाही. क्रूसावर तो २२ व्या स्तोत्रातील परित्यक्ताचा आक्रोश उच्चारतो. मेरीच्या बाबतीतही हेच दिसते. देवदूत तिला कृपेने पूर्ण असे संबोधतो. पुढे मंदिरातील वृद्ध सिमीअन तिच्या जिवातून तलवार आरपार जाईल, असे भाकीत करतो. कृपा लाभणे व दुःखापासून सुरक्षित राहणे या दोन गोष्टी शुभवर्तमानांनी कोठेही एक मानलेल्या नाहीत.

कृपेच्या सिद्धांताची मांडणी केली ती सेंट पॉलने. मनुष्य कर्माने नव्हे, तर कृपेने व श्रद्धेच्या द्वारा तारला जातो, हे त्याच्या रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांचे सूत्र आहे. संकटाच्या संदर्भात मात्र करिंथकरांस लिहिलेले दुसरे पत्र अधिक महत्त्वाचे ठरते. त्यात तो फटके, दगडफेक, तुरुंगवास, जहाज फुटणे, उपासमार अशी आपल्या हालांची जंत्री देतो आणि मग शरीरातील एका काट्याचा उल्लेख करतो. हा काटा म्हणजे एखादा जडलेला रोग, दृष्टिदोष की विरोधकांचा जाच, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तो काढून टाकावा, अशी तीन वेळा विनंती केल्यावर पॉलला जे उत्तर मिळाले, त्याचा आशय असा की, काटा राहील. परंतु कृपा पुरेशी आहे, कारण सामर्थ्याला पूर्णत्व येते ते दुर्बलतेतच. संकटाविषयीच्या ख्रिस्ती कृपाविचाराचा पुढील जवळजवळ सर्व इतिहास हा या एका उत्तरावरील भाष्याचा इतिहास आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

या भाष्यकारांत सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) अग्रगण्य होय. आपल्या कन्फेशन्स या आत्मचरित्रपर ग्रंथात त्याने ईश्वराला उद्देशून अशी प्रार्थना केली की, जी आज्ञा तू करतोस, ती पाळण्याचे बळही तूच दे. रोममध्ये वास्तव्य असलेला ब्रिटिश तपस्वी पेलेजिअस याला ही वृत्ती घातक वाटली. बळ ईश्वरानेच द्यावयाचे असेल, तर माणूस आळशी व बेजबाबदार होईल; चांगले वागण्याची क्षमता ईश्वराने प्रत्येकाला जन्मतःच दिलेली आहे, ती वापरली म्हणजे झाले, असे त्याचे म्हणणे होते. पेलेजिअस हा पाखंडी म्हणून पुढे बदनाम झाला. परंतु त्याच्या आक्षेपामागील नैतिक कळकळ नाकारता येत नाही. ऑगस्टीनचे उत्तर स्वानुभवातून आले होते. वर्षानुवर्षे निश्चय करूनही आपण बदलू शकलो नाही, याची साक्ष त्याने स्वतःच दिली होती. इच्छाशक्तीच आजारी असल्यावर तिला जोर करण्यास सांगणे म्हणजे पंगूला चालण्याचा उपदेश करणे होय, असा त्याच्या युक्तिवादाचा मथितार्थ आहे. कार्थेज येथील धर्मसभेने ४१८ मध्ये पेलेजिअसची मते त्याज्य ठरविली. ५२९ मध्ये ऑरेंज येथील धर्मसभेने ऑगस्टीनच्या मताचा गाभा स्वीकारला. मात्र काही माणसांची दुर्गती ईश्वरानेच पूर्वनियोजित केली आहे, ही टोकाची कल्पना फेटाळली.

गॉथ टोळ्यांनी ४१० मध्ये रोम लुटले, तेव्हा ख्रिस्ती भाविकांवरही ते सर्व अत्याचार ओढवले. देवाने आपल्या भक्तांना का वाचविले नाही, या प्रश्नाला ऑगस्टीनने सिटी ऑफ गॉड या ग्रंथात (४१३–४२६) उत्तर दिले. ऐहिक सुखदुःखे सज्जन व दुर्जन यांच्या वाट्याला सारखीच येतात. फरक पडतो तो ती सोसणाऱ्यात. अग्नी तोच असला, तरी सोने त्यात उजळते आणि भुसाचा धूर होतो, हा त्याचा दाखला प्रसिद्ध आहे. आयुष्याच्या अखेरीस, अंतापर्यंत श्रद्धेत टिकून राहणे हीदेखील स्वतंत्र ईश्वरी देणगीच होय, असे प्रतिपादन त्याने केले. लवकरच त्याला स्वतःलाच या देणगीची गरज पडली. ४३० मध्ये व्हँडल सैन्याने त्याच्या हिप्पो या नगराला वेढा घातला. त्या काळी त्याच्या सहवासात असलेला चरित्रकार पोसिडिअस लिहितो की, ऑगस्टीनने तेव्हा तीन गोष्टींपैकी एक मागितली : नगराची सुटका व्हावी, तसे होणार नसेल, तर जे घडेल ते सोसण्याचे बळ ईश्वराच्या सेवकांना मिळावे, नाहीतर निदान आपल्याला या जगातून न्यावे. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात तापाने त्याचे निधन झाले. वेढा त्यानंतरही अनेक महिने चालू होता. इतका मोठा धर्मशास्त्रवेत्ता. पण त्याच्या त्या मागणीतील अनुक्रम कोणत्याही सामान्य माणसाच्या प्रार्थनेचाच आहे.

मध्ययुगात कृपेचे वर्गीकरण झाले. आत्म्यात स्थिरपणे वास करणारी व त्याला पावन करणारी कृपा आणि विशिष्ट प्रसंगी साहाय्याला येणारी कृपा, असा भेद करण्यात आला. सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याच्या मते कृपा मानवी प्रकृतीला नष्ट करीत नाही, तर तिला पूर्णत्व देते. कॅथलिक परंपरेत कृपेचा ओघ मुख्यतः सात संस्कारांच्या द्वारा वाहतो. त्यांपैकी आजारी व्यक्तीला पवित्र तेल लावण्याचा संस्कार येथे विशेष उल्लेखनीय आहे. हा संस्कार कालांतराने केवळ मरणासन्न माणसासाठी राखून ठेवला गेला होता. त्यामुळे धर्मगुरू तेल घेऊन दारात आला, की घरच्या मंडळींची आशा संपत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) त्याचे मूळचे स्वरूप पुन्हा प्रस्थापित करण्यात आले आणि १९७२ मध्ये सहाव्या पॉल पोपने नवा विधी लागू केला. तेव्हापासून हा संस्कार गंभीर आजारात, शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वार्धक्यातील दुर्बलतेतही दिला जातो. रोग बरा होणे, हे त्याचे गृहीत फल मानलेले नाही; आजाऱ्याला धीर व सोसण्याचे बळ मिळावे आणि ईश्वरेच्छा असल्यास आरोग्यही लाभावे, अशी त्यातील मागणीची रचना आहे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पाश्चात्त्यांप्रमाणे कृपा व कर्म असा झगडा फारसा झालाच नाही. तेथे कृपा म्हणजे ईश्वराचीच अनिर्मित शक्ती असून तिच्या योगाने मनुष्य ईश्वरी जीवनात सहभागी होतो, अशी धारणा आहे. ग्रेगरी पॅलामस (सु. १२९६–१३५९) याने तिचे तात्त्विक समर्थन केले.

मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने कृपेच्या प्रश्नाला पुन्हा एकदा जीवनमरणाचे स्वरूप दिले. कितीही उपवास व कबुलीजबाब केले, तरी मनाला शांती मिळत नाही, हा मठवासी जीवनातील त्याचा अनुभव होता. नीतिमत्त्व हे कमवावयाचे नसून श्रद्धेने स्वीकारावयाचे असते, हा रोमकरांस पत्रातील आशय उमगल्यावर त्याला मोकळे वाटले. तथापि त्याची सत्त्वपरीक्षा तेथे संपली नाही. ईश्वराने आपल्याला टाकले आहे, या भीतीचे झटके त्याला आयुष्यभर येत राहिले. जर्मन भाषेत त्यांना तो ‘अन्फेख्तुंग’ म्हणे; हल्ला, मोह व व्याकुळता या तिन्ही छटा त्या शब्दात आहेत. प्रार्थना व मनन यांच्या जोडीला असे हल्ले सोसल्याखेरीज कोणी खरा धर्मशास्त्रज्ञ होत नाही, असे त्याने १५३९ मध्ये लिहून ठेवले.

विटनबर्ग येथे १५२७ मध्ये प्लेगची साथ आली. विद्यापीठ येना येथे हलविण्यात आले. ल्यूथर मात्र गरोदर पत्नीसह मागे राहिला आणि त्याच्या घराचे रुग्णालय झाले. जीवघेण्या साथीपासून पळून जावे काय, अशी पृच्छा ब्रेस्लौच्या धर्मोपदेशकांनी केली होती. तिला त्याने दिलेले प्रकट उत्तर कृपा व व्यवहारबुद्धी यांच्या संबंधाविषयीचा एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. धर्मोपदेशक, अधिकारी, रुग्णांची देखभाल ज्यांच्याकडे आहे असे शेजारी व नोकर यांनी आपली जागा सोडू नये. ज्यांच्यावर कोणी अवलंबून नाही, त्यांनी जाण्यास हरकत नाही. देवावर भरवसा आहे म्हणून औषध नाकारणे किंवा रोगट घरात विनाकारण शिरणे, ही श्रद्धा नसून ईश्वराचीच परीक्षा पाहणे होय. आपण घराला धुरी देऊ, औषध घेऊ, गरज नसेल तेथे जाणार नाही. परंतु शेजाऱ्याला गरज पडल्यास मागे हटणार नाही, असे तो सांगतो. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत प्रार्थनामंदिरे बंद करावी लागली, तेव्हा हे पत्र अनेक देशांत पुन्हा वाचले गेले. त्या वर्षी डिसेंबरात जन्मलेली ल्यूथरची कन्या एलिझाबेथ पुढील वर्षीच दगावली. १५४२ मध्ये मागदालेना ही तेरा वर्षांची मुलगी वारली. ती चांगल्या मरणाने गेली, म्हणून आपण आभारच मानावयास हवेत. पण नैसर्गिक माया एवढी बलवत्तर आहे, की हुंदक्यावाचून तसे करता येत नाही, अशा आशयाचे पत्र त्याने मित्राला लिहिले. सिद्धांत पक्का असूनही शोक आवरत नाही, याची ही प्रांजळ कबुली ल्यूथरच्या वादग्रंथांतून सहसा दिसत नाही.

ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने १५४७ मध्ये ल्यूथरला उत्तर दिले. प्रारंभ कृपेनेच होतो, हे तिने मान्य केले. परंतु मनुष्याने त्या कृपेला दिलेला स्वेच्छेचा प्रतिसादही आवश्यक मानला. कॅल्व्हिनच्या (१५०९–६४) परंपरेत ईश्वराच्या सार्वभौम योजनेवर भर असून १५६३ च्या हायडल्बर्ग प्रश्नोत्तरीचा आरंभच, जगताना व मरताना माणसाचे एकमेव समाधान कोणते, या प्रश्नाने होतो. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) याने कृपा सर्वांना खुली आहे व ती माणसाच्या शोधापूर्वीच त्याच्यात कार्य करू लागते, असे मानले. १७३६ मध्ये अमेरिकेला जाताना वादळात सापडलेल्या जहाजावर मोरेव्हियन पंथाचे जर्मन स्त्रीपुरुष शांतपणे स्तोत्र गात राहिलेले पाहून आपल्या अंगी असा विश्वास नाही, हे त्याला जाणवले होते. या पंथापंथांतील वादाला बऱ्याच अंशी पूर्णविराम मिळाला तो ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी. त्या दिवशी ऑग्जबर्ग येथे कॅथलिक चर्च व लुथरन जागतिक संघ यांनी नीतिमत्त्वाच्या सिद्धांताविषयी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट व २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसची जागतिक संघटना त्यात सामील झाली.

कृपेवरील सर्वांत लोकप्रिय इंग्रजी स्तोत्र म्हणजे ‘अमेझिंग ग्रेस’. त्याचा कर्ता जॉन न्यूटन (१७२५–१८०७) याची कथा प्रवचनांतून वारंवार सांगितली जाते. पण बहुधा अर्धीच. मार्च १७४८ मध्ये अटलांटिक महासागरात जहाज बुडण्याच्या बेतात असताना या उद्दाम खलाशाने देवाचा धावा केला आणि तो वाचला, एवढा भाग सर्वश्रुत आहे. मात्र त्यानंतरही १७५० ते १७५४ या काळात कप्तान या नात्याने त्याने आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या तीन सफरी केल्या. जहाजाच्या तळाशी माणसे साखळदंडात जखडलेली असताना वर तो नियमाने प्रार्थना करीत असे. या व्यवसायातून तो निवृत्त झाला, तोही प्रकृतीच्या कारणाने. १७६४ मध्ये तो इंग्लंडमधील ओल्नी या गावी धर्मोपदेशक झाला आणि १७७३ च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठी त्याने हे स्तोत्र रचले. ते १७७९ मध्ये ओल्नी हिम्स या संग्रहात प्रसिद्ध झाले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लेखणी उचलली, ती १७८८ मध्ये, म्हणजे त्या वादळानंतर चाळीस वर्षांनी. आपण ज्यात सामील होतो, त्याच्या आठवणीने अंगावर शहारे येतात आणि ही कबुली फार उशिरा येत आहे, असे त्याने त्या पुस्तिकेत मान्य केले. ब्रिटिश संसदेने हा व्यापार १८०७ मध्ये बंद केला. त्याच वर्षी न्यूटन वारला. स्वतःच्या सुटकेत ईश्वराचा हात स्पष्टपणे पाहणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या बेड्या दिसण्यास एवढा काळ लागावा, ही गोष्ट कृपेच्या अनुभवाच्या मर्यादांविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

ओल्नी संग्रहातील दुसरा स्तोत्रकार विल्यम कूपर (१७३१–१८००) हा न्यूटनचा शेजारी व जिवलग मित्र. त्याला विषण्णतेचा तीव्र आजार होता. जानेवारी १७७३ मध्ये, ‘अमेझिंग ग्रेस’ प्रथम सादर झाले त्याच महिन्यात, त्याला असा झटका आला की, ईश्वराने आपल्याला कायमचे वगळले आहे, ही त्याची खात्रीच झाली. त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. न्यूटनने त्याला वर्षाहून अधिक काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतले. कूपरची ती खात्री मात्र पुढे कधीच पुसली गेली नाही. असे असूनही त्याने द टास्क (१७८५) हे इंग्रजीतील एक श्रेष्ठ निसर्गकाव्य लिहिले आणि १७८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध कविताही रचल्या. ज्यांची स्तोत्रे गाऊन इतरांनी धीर धरला, त्याला स्वतःला धीर लाभला नाही. श्रद्धा पुरेशी असली म्हणजे मन शांत होतेच, असे सांगणाऱ्या उपदेशकांना कूपरच्या चरित्राचे समाधानकारक स्पष्टीकरण देता आलेले नाही.

विसाव्या शतकातील दोन महायुद्धे व ज्यूंचा संहार यांनंतर हा प्रश्न अधिकच बिकट झाला. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर (१९०६–४५) याने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ ही कल्पना मांडून तिच्यावर कठोर टीका केली. पश्चात्ताप, आज्ञापालन व क्रूस यांवाचून मिळते असे मानलेली कृपा म्हणजे चर्चने आपल्या मनाची करून घेतलेली समजूत होय, असे त्याचे म्हणणे होते. हिटलरविरोधी कटातील सहभागाबद्दल त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे फाशी देण्यात आले. फ्रेंच विचारवंत सीमॉन वेल (१९०९–४३) हिच्या मते ख्रिस्ती धर्माचे मोठेपण दुःखावर दैवी उतारा शोधण्यात नसून दुःखाचाच दैवी उपयोग करून घेण्यात आहे. युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) याने १९४३ मध्ये हँबर्गवरील बाँबवर्षावात शेजारी उभा असलेला मित्र ठार झालेला पाहिला होता. द क्रूसिफाइड गॉड (जर्मन आवृत्ती १९७२) या ग्रंथात, ईश्वर दुःख दुरून पाहत नाही, तो क्रूसावर ते स्वतः भोगतो, अशी मांडणी त्याने केली. पेरूमधील गुस्ताव्हो गुतिएरेस (१९२८–२०२४) याने ईयोबाच्या ग्रंथाचे विवेचन निरपराध गरिबांच्या बाजूने केले. त्याच सुमारास अमेरिकेत उगम पावलेली व पुढे आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियात पसरलेली एक प्रचारपरंपरा मात्र श्रद्धेच्या मोबदल्यात आरोग्य व संपत्ती मिळण्याची ग्वाही देते. तिच्या अनुयायांची संख्या मोठी आहे आणि त्यांतील पुष्कळजण खरोखरच गरजू असतात. शास्त्राच्या दृष्टीने पाहता, तिने पॉलच्या काट्याची कथा अडचणीत टाकणारी म्हणून बाजूस सारली आहे, असेच म्हणावे लागेल.

भारतीय भक्तिपरंपरेशी या विचाराचे साम्य अभ्यासकांच्या ध्यानात पूर्वीच आले होते. रामानुजांनंतरच्या श्रीवैष्णव संप्रदायात, माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते तसे भक्ताने देवाला धरावे, की मांजर आपले पिलू तोंडात धरून नेते तसे देवानेच भक्ताला न्यावे, यावरून वडकलै व तेन्‌कलै असे दोन पंथ पडले. ऑगस्टीन व पेलेजिअस यांच्या वादाची येथे आठवण होते. मात्र वडकलै पंथीयही कृपा आवश्यकच मानतात, हे विसरता कामा नये. रूडॉल्फ ओटो (१८६९–१९३७) या जर्मन पंडिताने १९३० मध्ये या दोन कृपामार्गांची तुलना स्वतंत्र ग्रंथात केली. साम्य मोकळेपणाने मान्य करूनही, ख्रिस्ती कृपाविचाराचा आस पापाची जाणीव व क्षमा हा असल्याने दोहोंचे केंद्र वेगळे आहे, असा निष्कर्ष त्याने काढला.

महाराष्ट्रात या तुलनेला ग्रंथापेक्षा माणसांच्या आयुष्यांतूनच अधिक खोल अर्थ प्राप्त झाला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आईवडील व थोरली बहीण दुष्काळात उपासमारीने गेली. व्रते, दानधर्म व अनुष्ठाने करूनही कोणी धावून आले नाही, याची आठवण त्यांनी नोंदविली आहे. पुढे १८८० मध्ये भाऊ व १८८२ मध्ये पती यांचे निधन झाले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, तो अनुभव काही वर्षांनी आला, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या निवेदनात स्पष्ट केले. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांत व गुजरातमधून निराधार मुली आणून केडगाव येथील मुक्ती सदनात त्यांना आश्रय दिला. दुष्काळाने ज्यांचे घर संपविले, त्या रमाबाईंनी कृपेचा अर्थ दुष्काळग्रस्तांसाठी विहिरी खणणे, शेती, विणकाम व छापखाना चालविणे असा लावला. हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर हे त्यांचे अखेरचे काम. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे निधन झाले. भाषांतराचे काम मृत्यूपूर्वी पुरे झाले होते.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते म्हणत आणि त्यांच्या अभंगरचनेत हे ऋण जागोजागी जाणवते. देवाच्या कृपेवर त्यांचा विश्वास एवढा संपूर्ण होता, की हाती आलेला पैसा दुसऱ्या दिवसापर्यंत राहत नसे. १९१७ मध्ये मिशनचे वेतनही सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याचे मनावर घेतले. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या बाजूने पाहिल्यास हीच हकीकत निराळी दिसते. पतीच्या धर्मांतरामुळे सुमारे पाच वर्षे त्यांना त्यांच्यापासून दूर काढावी लागली. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून क्रमाने प्रसिद्ध झालेल्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात त्यांनी टिळकांच्या औदार्याच्या व त्यामुळे रिकाम्या पडलेल्या डब्यांच्या हकीकती सारख्याच मिस्किलपणे सांगितल्या आहेत. एकाने कृपेवर विसंबावे आणि दुसऱ्याने संध्याकाळच्या पिठाची तजवीज करावी, अशी त्या संसाराची वाटणी होती. वडीलधाऱ्या धर्मशास्त्रज्ञांच्या विवेचनात या दुसऱ्या बाजूला क्वचितच जागा मिळाली आहे. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्यातील बहुतांश अध्याय, औपचारिक शिक्षण नसतानाही, त्यांनीच रचले.